सकाळी काचेवर बर्फ: खरवडण्याआधी तो बाहेर आहे की आत, ते बघा

नोव्हेंबर लागला की न्यू जर्सीत ज्यांची गाडी उघड्या पार्किंगमध्ये उभी राहते, त्यांची सकाळ काच खरवडण्यापासून सुरू होते. उपाय विचारावा तर ज्याला त्याला एकेक तोडगा माहीत असतो: कोमट पाणी, व्हिनेगर, अल्कोहोल, मिठाचं पाणी, जुनी चादर. यातले काही खरोखर चालतात, काहींनी काचेला तडा जातो, आणि चालणारे तोडगेही बरेचदा भलत्याच बर्फावर वापरले जातात. मग "सगळं करून बघितलं, तरी रोज तेच" ही तक्रार उभा हिवाळा ऐकू येते.

म्हणून पहिली तपासणी अशी. काचेवर बाहेरून नख ओढा. पांढरा भुगा निघाला तर तो रात्री धरलेला फ्रॉस्ट, म्हणजे हवेतल्या वाफेचा झालेला बर्फ. नख नुसतंच घसरलं आणि काच चकचकीत दिसली तर तो गोठलेल्या पावसाचा थर. आता गाडीत बसा आणि आतूनही नख ओढा. तिथेही भुगा निघाला तर दोष हवामानाचा नाही, गाडीत कुठेतरी ओल मुरली आहे. तिघांचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि आतल्या बर्फावर बाहेरून कितीही फवारे मारले तरी तो हलणार नाही.

पारा शून्याच्या वर, तरी काच पांढरी

नव्याने आलेल्यांना हे हमखास बुचकळ्यात टाकतं. फोनवर ३६ डिग्री फॅरेनहाइट दिसतंय, म्हणजे सेल्सिअसमध्ये दोनच्या वर, आणि तरी काचेवर बर्फ. रात्र निरभ्र असली आणि वारा पडलेला असला की वर आकाशाकडे तोंड असलेल्या पृष्ठभागांतली उष्णता झपाट्याने निघून जाते. काच आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंशांनी जास्त गार होते. ती गोठणबिंदूच्या खाली गेली की हवेतली वाफ मधे पाणी न होता थेट बर्फाचे कण होऊन तिच्यावर बसते. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या परिसरात गाड्यांच्या टपांवर दवबिंदू गोठतात, तेव्हाही गावातला पारा शून्याच्या बराच वर असतो. कारण तेच.

हे कळलं की एक फुकटचा उपाय हाती येतो. काचेला मोकळं आकाश दिसू दिलं नाही तर फ्रॉस्ट धरत नाही, धरलाच तर अगदी पातळ. कारपोर्ट, इमारतीचा पुढे आलेला सज्जा, पाइनसारखं हिवाळ्यात पानं न गाळणारं झाड, काहीही चालतं. बाजूच्या उभ्या काचा पुढच्या काचेपेक्षा कमी माखतात त्याचं कारणही हेच, त्यांच्या वाट्याला आकाश कमी येतं. गाडीचं तोंड पूर्वेकडे करून लावा असंही लोक सांगतात. पण जानेवारीच्या सुरुवातीला इथे सूर्य ७:२० च्या सुमाराला उगवतो, तेव्हा साडेसहाला निघणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. नऊला निघत असाल तर जरूर लावा.

घाईच्या सकाळी काय आधी, काय नंतर

गाडी सुरू करण्याआधी वायपरचा दांडा बंदवर आहे ना ते बघा. रात्री पावसात वायपर चालू असतानाच इंजिन बंद केलं असेल, तर सकाळी गाडी सुरू होताच काचेला चिकटलेले वायपर ओढ घेतात. रबर फाटतं, फ्यूज उडतो, कधी मोटरच जाते.

मग इंजिन सुरू करा. डिफ्रॉस्टचं बटण दाबा, तापमान पूर्ण गरमवर, एसी चालू, मागच्या काचेचा हीटर चालू, आणि हवा बाहेरून घेणारी. हीटरमध्ये एसी कशाला, असं वाटेल. एसी हवेतला ओलावा काढून घेतो आणि मग ती गरम होऊन काचेवर येते. कोरडी हवा काच लवकर साफ करते. कडाक्याच्या थंडीत काही गाड्यांमध्ये एसीचा कॉम्प्रेसर आपणहून बंद राहतो, ते बिघाडाचं लक्षण नाही. तशी हवा मुळातच कोरडी असते.

इंजिन गार आहे तोवर ब्लोअरमधून गारच हवा येणार. तेवढ्या वेळात खाली उतरा आणि आधी टप झाडा. काच लख्ख करून टपावरचा बर्फ तसाच ठेवला, तर पहिल्याच सिग्नलला ब्रेक दाबताना तो सगळा घसरून पुढच्या काचेवर येतो आणि त्या क्षणी समोरचं काहीही दिसत नाही. टप, मग काच, मग दिवे आणि नंबर प्लेट. मागे कॅमेरा असेल तर त्याचं भिंगही पुसून घ्या.

आता अल्कोहोल. फार्मसीत ७० टक्क्यांचं रबिंग अल्कोहोल मिळतं. दोन भाग ते आणि एक भाग पाणी फवाऱ्याच्या बाटलीत भरा. इथल्या नेहमीच्या थंडीत हे मिश्रण गोठत नाही. काचेच्या वरच्या कडेपासून फवारत खाली या, म्हणजे ओघळ आपोआप खालच्या बर्फावर उतरतो. अर्धा-एक मिनिट थांबा आणि मग प्लॅस्टिकच्या स्क्रेपरने सरकवा. पातळ फ्रॉस्ट असेल तर जोर लावावाच लागत नाही, कडेला करडा चिखल जमतो आणि काच मोकळी होते. बाटली गाडीत ठेवू नका, घरात दाराजवळ ठेवा. हे ज्वालाग्राही आहे. सिगारेट पेटलेली असताना किंवा गाडीच्या आतून फवारणं अजिबात नको.

पण अल्कोहोलकडून जादूची अपेक्षा करू नका. ते बर्फाला उष्णता देत नाही, फक्त त्याचा गोठणबिंदू खाली आणतं. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते, म्हणजे तेवढंच पाणी शून्यापासून ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला लागेल तितकी. शिवाय वितळलेलं पाणी मिसळत गेलं की फवारलेलं अल्कोहोल पातळ होत जातं आणि त्याची ताकद संपते. पातळ थरावर उत्तम, जाड थरावर बाटली रिकामी होईल आणि बर्फ तिथेच असेल. व्हिनेगरची गोष्ट आणखी कमकुवत. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये ॲसिड जेमतेम ५ टक्के, बाकी पाणीच. जमलेला बर्फ त्याने वितळवायला जाऊ नका. मिठाचं पाणी तर गाडीच्या पत्र्यावर आपल्याच हाताने ओतू नये, रस्त्यावरचं मीठ गंज आणायला पुरेसं आहे.

गोठलेल्या पावसाचा चकचकीत थर

इथे मनगटाचा जोर चालत नाही. स्क्रेपरच्या दातेरी बाजूने थरावर फक्त उभे-आडवे चरे पाडा आणि डिफ्रॉस्टला वेळ द्या. उष्णता आतून येत असल्याने काचेला चिकटलेली खालची बाजू आधी सुटते. थोड्या वेळाने कडेला पाण्याची रेघ दिसू लागते. ती दिसली की स्क्रेपर थराखाली घाला, मोठमोठे तुकडे ओल्या कागदासारखे सरकत येतात. त्याआधी ठोकत बसलात तर हात दुखतील आणि वायपरच्या दांड्याला इजा होईल. क्रेडिट कार्ड मोडतं. उलथनं किंवा कुठलीही लोखंडी पट्टी काचेवर ओरखडे पाडते, आणि ते रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यात चमकतात. असा थर असलेल्या दिवशी अर्धा तास आधी उठण्याला पर्याय नाही.

उकळतं पाणी नको, कोमटही नको

आमच्या पार्किंगमध्ये नुकताच पुण्याहून आलेला एक मुलगा वाफाळती किटली घेऊन गाडीकडे निघाला होता. "दादा, एका मिनिटात काम होईल ना?" काचेच्या खालच्या कोपऱ्यात हायवेवर खडा लागून उडालेला छोटासा टवका होता. मी त्याला तो टवका दाखवला आणि किटली खाली ठेवायला लावली.

पुढची काच म्हणजे काचेचे दोन पातळ थर आणि मधे प्लॅस्टिकचा पापुद्रा. काच उष्णता सावकाश वाहून नेते. गरम पाणी पडतं तिथला पृष्ठभाग लगेच प्रसरण पावतो, शेजारचा भाग मात्र गोठलेलाच असतो. तो ताण काचेतल्या सगळ्यात कच्च्या जागी जाऊन फुटतो, आणि टवका ही ती कच्ची जागा. नखाएवढ्या खुणेपासून हातभर तडा जातो. मग काच बदलण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि नव्या गाडीत काचेमागचा कॅमेराही पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. थंडी सुरू व्हायच्या आधी टवका रेझिनने भरून घ्या, ते काच बदलण्यापेक्षा फार स्वस्त पडतं.

कोमट पाण्याने तडा कदाचित जाणार नाही. पण पारा वीस फॅरेनहाइटच्या घरात असेल तर तेच पाणी काचेवर, दाराच्या रबरात आणि तुमच्या पायाखालच्या डांबरावर पुन्हा गोठतं. दार उघडत नाही आणि पाय घसरतो.

आदल्या रात्रीची दोन मिनिटं

सकाळचा सगळ्यात झटपट उपाय रात्रीच करायचा असतो. पुढच्या काचेचं कव्हर मिळतं, त्याचे कान दारात अडकवून दार लावायचं, म्हणजे वाऱ्याने उडत नाही. सकाळी ओढून काढलं की काच तयार. जाड पुठ्ठाही चालतो. कापडी चादर मात्र दमट हवेत किंवा पावसात भिजते आणि काचेला घट्ट चिकटून बसते. मग बर्फ काढायचा की चादर, असा प्रश्न पडतो. कोरडी, निरभ्र रात्र असेल तरच ती वापरा.

वायपर उभे करून ठेवावेत का? बर्फाचा अंदाज असेल आणि वारा नसेल तर ठेवा. सोसाट्याचा वारा असेल तर नको. स्प्रिंगचा दांडा काचेवर आपटला तर काच फुटू शकते. काही गाड्यांत वायपर बॉनेटच्या खाली दडलेले असतात, ते ओढून उचलू नका. त्यांना सर्व्हिस पोझिशनला आणावं लागतं, पद्धत गाडीच्या पुस्तकात असते.

वॉशरचं पाणी हिवाळ्याचंच भरा. उणे २० फॅरेनहाइटपर्यंत चालणारं निळं द्रव दुकानांत सहज मिळतं. साधं पाणी किंवा उन्हाळ्याचं द्रव टाकीत गोठतं, नळी आणि पंपही फुटू शकतात. आणि हे हिवाळ्याचं द्रवही काच गार असताना हायवेवर मारू नका. वाऱ्याने त्यातलं अल्कोहोल उडून जातं, उरलेलं पाणी काचेवरच गोठतं, आणि वेगात असताना समोर पांढरा पडदा येतो. आधी काच गरम होऊ द्या. या द्रवात बहुधा मेथॅनॉल असतं, ते विषारी आहे. लहान मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाती लागेल असं ठेवू नका.

आतून बर्फ धरत असेल तर

वारंवार येणारी खरी कटकट ही. आणि आपल्याकडून आलेल्या लोकांच्या बाबतीत तिचं पहिलं कारण बहुतेक वेळा एका बटणात असतं. भारतात धूळ, धूर आणि उकाडा यांमुळे आतली हवा आतच फिरवायचं बटण आपण कायम दाबलेलं ठेवतो, हात सवयीने तिकडे जातो. हिवाळ्यात नेमकं तेच नडतं. चार जणांचा श्वास, ओली जाकिटं, बुटांना लागून आलेला बर्फ, या सगळ्याची वाफ गाडीतच कोंडली जाते. गाडी बंद केली की ती काचेवर बसते आणि पहाटेपर्यंत गोठते. बाहेरच्या थंड हवेत वाफ फार कमी मावते. ती आत घेऊन तापवली की एकदम कोरडी होते. म्हणून हिवाळाभर ते बटण बंद ठेवा.

तरी बर्फ धरला तर मॅट बघा. कापडी मॅट काढा आणि काठ उंच असलेल्या रबरी मॅट घाला. त्यात साचलेलं पाणी रोज संध्याकाळी बाहेर ओता. घरी पोचल्यावर गाडीला कुलूप लावण्याआधी सगळी दारं मिनिटभर उघडी ठेवा, आतली उबदार दमट हवा जाऊन बाहेरची कोरडी हवा आत येते. एवढ्यानेच बऱ्याच गाड्या ठीक होतात.

नाही झाल्या, तर ओल कार्पेटच्या खाली शोधा. वरून हात फिरवून कळत नाही. एका मित्राच्या गाडीत महिनोन् महिने आतून काच पांढरी व्हायची, गॅरेजवाल्याने ब्लोअर बदलायचा सल्ला दिला होता. वहिनी म्हणत होत्या की गाडीला बंद कपाटासारखा कुबट वास येतो. तो वास हाच पुरावा होता. कार्पेटवर वर्तमानपत्राची घडी ठेवून त्यावर टाच दाबून उभं राहिलो, तर कागद चिंब झाला. वरचं कापड कोरडं होतं आणि खालचा फोम पाण्याने भरलेला. सनरूफ उघडलं तर पुढच्या कोपऱ्यातल्या भोकात पाइनच्या काड्या आणि मातीचा बोळा. त्या भोकापासून एक नळी पुढच्या खांबातून खाली जाते आणि पावसाचं पाणी बाहेर सोडते. ती तुंबली की पाणी टपाच्या अस्तरामागून गाडीत उतरतं.

हे घरी तपासता येतं. सनरूफच्या कोपऱ्यातल्या भोकात कपभर पाणी हळूहळू ओता. ते गाडीखाली पडताना दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर नळी तुंबली आहे. कडक तार घालू नका, नळी सांध्यातून निसटते. मऊ नायलॉनची दोरी चालते. भिजलेला फोम नुसता हीटर लावून वाळत नाही, कार्पेट उचलून पंखा लावावा लागतो, आणि त्याला काही दिवस जातात. सनरूफ नसेल तर पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेली प्लॅस्टिकची जाळी बघा. तिथे पानगळीचा कचरा साठला की पाणी हवेच्या वाटेने आत झिरपतं. नोव्हेंबरमध्येच तो हाताने काढून टाका.

एक लक्षण मात्र घरी निस्तरण्यासारखं नाही. काचेवर आतून चिकट, तेलकट थर धरतो, पुसला तरी परत येतो, गाडीत गोडसर वास आहे आणि कूलंटची पातळी उतरते आहे, तर हीटर कोअर, म्हणजे गरम कूलंटने आतली हवा तापवणारा डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, गळतोय. गाडी गॅरेजला न्या आणि कूलंटची प्रेशर टेस्ट करून मागा. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नका.

आतला बर्फ कोरडा खरवडू नका, भुगा डॅशबोर्डवर पडून पुन्हा वितळतो आणि ती वाफ परत काचेवर येते. डिफ्रॉस्टने तो सुटू द्या, मायक्रोफायबरने टिपा आणि ओलं फडकं घरात घेऊन जा. काच आतून स्वच्छ असली तर वाफ कमी धरते, म्हणून दर काही आठवड्यांनी ती काच धुण्याच्या द्रवाने पुसून घ्या.

हीटरच नीट चालत नसेल

पंधरा मिनिटं गाडी चालवूनही तापमानाचा काटा मध्यावर येत नसेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप, उघडा अडकला असण्याची शक्यता जास्त. काटा ठीक पण हवा गार, तर कूलंट कमी असेल किंवा हवेची दिशा बदलणारी आतली झडप अडकली असेल. डॅशबोर्डमागून टिक-टिक आवाज येत असेल तर संशय झडपेवरच घ्या. हवा गरम आहे पण जोर नाही, तर केबिन फिल्टर बदला. तो बहुतेक गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो आणि घरी बदलता येतो.

मागच्या काचेचं निदान फ्रॉस्टच करून देतो. हीटर चालू करून बघत राहा. प्रत्येक तारेभोवती एक मोकळी पट्टी उमटते. एखादीच पट्टी पांढरी राहिली तर ती तार तुटली आहे, वीज वाहून नेणाऱ्या रंगाने ती जोडता येते. एकही पट्टी उमटली नाही तर आधी फ्यूज बघा. आणि ही तारांची बाजू आतून कधीही खरवडू नका.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्जर लावलेला असतानाच निघण्याच्या आधी गाडी आपोआप गरम होईल अशी वेळ लावून ठेवा. काच भिंतीतल्या विजेवर साफ होते आणि बॅटरी प्रवासाला उरते.

भोकातून बघत गाडी चालवू नका

दर हिवाळ्यात दिसतात अशा गाड्या: ड्रायव्हरच्या समोर ताटलीएवढी जागा खरवडलेली आणि बाकी काच पांढरी. मला याची मनापासून भीती वाटते. ती वेळ शाळेच्या बसची असते. कोपऱ्यावर मुलं उभी असतात, गडद रंगाच्या जाकिटात, अर्धवट उजेडात. उजव्या बाजूने रस्त्यावर उतरणारं मूल त्या भोकातून दिसूच शकत नाही. सूर्य वर आला की तिरपं ऊन उरलेल्या बर्फावर पडतं आणि ते भोकही आंधळं होतं. उशीर झाला तर ऑफिसला फोन करा, पण सगळ्या काचा साफ केल्याशिवाय निघू नका.

कायदाही तेच सांगतो. न्यू जर्सीत बॉनेट, टप, काचा आणि डिकीवरचा बर्फ काढणं ड्रायव्हरचं कर्तव्य आहे. न काढल्यास २५ ते ७५ डॉलर दंड, आणि गाडीवरून उडालेल्या बर्फाने कुणाला इजा झाली किंवा नुकसान झालं तर २०० ते १,००० डॉलर. इंजिन उभ्या जागी चालू ठेवायलाही मर्यादा आहे: तीन मिनिटं. गाडी तीन तास किंवा जास्त उभी असेल आणि तापमान २५ फॅरेनहाइटच्या खाली असेल तरच पंधरा मिनिटांपर्यंत.

घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये गाडी गरम करत ठेवू नका, शटर उघडं असलं तरी नको. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो वरच्या झोपायच्या खोलीपर्यंत पोचतो. बाहेर उभी असलेली गाडीही मोठ्या हिमवर्षावानंतर तितकीच धोक्याची असू शकते. रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या प्लाऊने मागे ढकललेल्या ढिगात सायलेन्सरचं तोंड बुजलं असेल तर धूर गाडीतच शिरतो. मुलं थंडीने कुडकुडतात म्हणून त्यांना आत बसवून आपण काच खरवडायला लागतो, तेव्हा तर फारच. आधी फावड्याने सायलेन्सरभोवतीचा बर्फ मोकळा करा, मग इंजिन सुरू करा, आणि त्यानंतरच मुलांना गाडीत बसवा.